लिफ्टची ओळ कुणाची

आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सणवार लाल असतात. संकष्टी लाल, दिवाळी लाल, सुट्टी लाल. त्यामुळे नातीच्या प्रोजेक्टच्या कागदांवर ओळीच्या ओळी लाल झालेल्या बघितल्या तेव्हा मला वाटलं, कॉलेजातल्या मॅडमना भलत्याच आवडलेल्या दिसतात. कागद टीपॉयवर पडले होते. नात आंघोळीला गेली होती. मी चष्मा लावून चाळले. पहिलं पान जवळजवळ सगळं लाल, मग थोडं पांढरं, आणि पुढे जिथे माझं गाऱ्हाणं छापलं होतं तिथे परत लालच लाल. मी कागद होते तसे ठेवले आणि चपला घालून खाली गेलो.

खाली गेटजवळच्या बाकावर सकाळी आमची मंडळी बसते. मी सहज बोलल्यासारखं केलं आणि सांगितलं की नातीच्या प्रोजेक्टात मॅडमनी माझं गाऱ्हाणं लाल अक्षरात घेतलंय. सगळे खूश झाले. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांनी मात्र विचारलं, लाल म्हणजे चूक नाही ना हो? मी म्हटलं, तुम्ही जन्मभर बँकेत बसलात, तुम्हाला लाल म्हणजे खड्डाच दिसणार. सगळा बाक हसला. तेही हसले, पण जरा कमी.

वर आलो तर नात ओले केस तसेच सोडून सोफ्यावर बसलेली आणि तिचे डोळे लाल. ते लाल मात्र मला लगेच समजलं.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण घाटावरच्या माणसाला गाऱ्हाणं म्हटलं की तक्रार वाटते. आम्ही मालवणाकडचे. आमच्याकडे घरात गणपती आला, लग्न ठरलं, मुलगा नोकरीला लागला की देवापुढे नारळ ठेवतात आणि एक जण मोठ्याने देवाशी बोलतो. काय झालं, काय होऊ दे, काय होऊ देऊ नको, सगळं सांगतो. वाक्य संपलं की तो ‘रे म्हाराजा’ म्हणतो आणि जमलेले सगळे एका आवाजात ‘होय म्हाराजा’ म्हणतात. सुरुवात आणि शेवट ठरलेला, मधलं त्या दिवसाचं. हे मधलं ज्याला जमतं त्याच्या हातात नारळ देतात. मला जमतं. बढाई म्हणून सांगत नाही, कांदिवलीत आमच्या बाजूला कुणालाही विचारा.

शाळा माझी चौथीत सुटली. म्हणजे मीच सोडली, मास्तरांशी माझं पटलं नाही. मुंबईत येऊन गिरणीत लागलो, गिरणी गेल्यावर इथल्या कारखान्यात. कुठेच मला कुणी चार शब्द बोलायला उभं केलं नाही. पण गणपतीत चाळीतला मोठमोठा शिकलेला माणूस हात जोडून माझ्या वाक्याला होय म्हणतो, हे मी फार वर्षं बघितलंय. नंतर चाळ पाडून बिल्डिंग झाली, खोल्यांचे फ्लॅट झाले आणि दारं बंद राहायला लागली. अशात एका वर्षी ऐन गणपतीच्या आधी लिफ्ट बंद पडली. त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीसमोर मी गाऱ्हाण्यात म्हटलं:

‘लिफ्ट बंद पडली तर पडूंदे, पण एकामेकाच्या दारात येणा-जाणा बंद पडूक देऊ नको, रे म्हाराजा.’

त्यावर जो ‘होय म्हाराजा’ उठला तो मी विसरलेलो नाही. वरच्या मजल्यावरचं गुजराती कुटुंबसुद्धा ओरडलं. तेव्हापासून ही माझी ओळ म्हणून सगळीकडे माहीत आहे. सेक्रेटरी मला लिफ्टमध्ये भेटला की नमस्काराच्या जागी तीच म्हणतो.

नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. अंधेरीच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिने प्रोजेक्टला विषय घेतला मुंबईतलं गाऱ्हाणं. मला खुर्चीत बसवून मोबाइलवर रेकॉर्ड केलं, मग ऐकून ऐकून लिहून काढलं. मी तिच्यापुढे जरा जास्तच मोठ्याने बोललो असेन, कारण समोरच्या फ्लॅटमधून ‘होय म्हाराजा’ आलं होतं. पुढे तिला एम.ए. करायचं होतं. आमच्या घरात तिथवर कुणी गेलेलं नाही. आमची गाडी बहुतेक बारावीला थांबते, माझी तर त्याच्याही खूप आधी.

रडणं आवरल्यावर तिने मला सांगितलं. कॉलेजात कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम असतो. मुलांनी लिहिलेलं त्यात घालायचं, मग तो आधी लिहिलेल्या मजकुराशी ताडून बघतो. जे आधी कुठे सापडेल ते लाल करतो. लाल म्हणजे उचललेलं. त्याला मराठीत वाङ्मयचौर्य म्हणतात. पहिला अर्धा शब्द माझ्या तोंडात बसेना, पण चौर्य समजलं. मॅडमनी प्रोजेक्ट परत दिला होता आणि सोमवारपर्यंत नीट करून आणायला सांगितलं होतं. नाही तर तो धरणार नाहीत, म्हणजे निकाल अडकणार आणि एम.ए.चं यंदा विसरायचं.

मला तिच्या निकालाआधी माझा राग आला, म्हणजे माझ्यासाठी राग आला. माझ्या तोंडचं, माझ्या खुर्चीत बसून मी म्हटलेलं, ते चोरीचं? हे मशीन मालवणात कधी गेलं होतं? मी तिला म्हटलं, लाव फोन मॅडमना. ती नको नको म्हणत होती. मी चपला घातल्या आणि म्हटलं, मग मी अंधेरीला जातो. तेव्हा तिने फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

मी तयारीत होतो, पण बाई भांडणाऱ्या निघाल्या नाहीत. त्यांनी आधी माझ्या गाऱ्हाण्याचं कौतुक केलं, त्यामुळे माझी निम्मी हवा तिथेच गेली. मग म्हणाल्या, “आजोबा, तुम्हाला कुणी चोर म्हणत नाही. मशीनला एवढंच कळतं की हे शब्द आधी कुठेतरी लिहिलेले आहेत. ते कुणाचे, कुठून आले, हे माणसाने सांगायचं असतं. तुमच्या नातीने ते सांगितलेलं नाही.”

त्यांचं म्हणणं असं की गाऱ्हाण्याची सुरुवात दुसऱ्या कुणा मुलाच्या प्रोजेक्टात आहे, एका गावाच्या वेबसाइटवरही आहे. ती सगळ्यांची म्हणून तसं लिहा. जे आजोबांचं ते आजोबांचं लिहा. ते त्यांनी कुणाकडून घेतलं असेल तर तेही लिहा. आणि प्रोजेक्ट लायब्ररीत राहणार, चार लोक वाचणार, म्हणून ज्याचे शब्द त्याची परवानगी घ्या, मोबाइलवर तोंडी घेतली तरी चालेल. पहिल्या पानाबद्दल मात्र त्यांचा आवाज बदलला. ते तिला माहीत आहे, एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी नातीकडे बघितलं. तिने नखं बघितली. पहिल्या पानावर लोकसाहित्य म्हणजे काय ते लिहायचं होतं. ते तिने इंटरनेटवरून घेतलं होतं. सगळेच घेतात, म्हणाली. आणि जसंच्या तसं नव्हतं घेतलं, शब्द बदलले होते. ‘प्राचीन’च्या जागी ‘जुनी’ घातलं होतं, ‘परंपरा’च्या जागी ‘रीत’. मी म्हटलं, मग झालं की तुझं. मला खरंच तसं वाटलं. पण आतून, ओट्यापाशी नारळ खवत असलेल्या आमच्या घरच्या माणसाने विचारलं, “शेजारणीन दिलेली घावणां दुसऱ्या ताटात काढली म्हणान आपली होतत काय?”

घरच्या माणसाने म्हणजे माझ्या बायकोने. आम्ही दोघं आपसात मालवणी बोलतो. घावणे म्हणजे तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार डोसे म्हणा. शेजारणीकडून आले की आमच्यात वाढताना सांगतात, हे तिच्याकडचे. न सांगितलं तर खाताना नाही, पण दुसऱ्या दिवशी शेजारीण समोर आल्यावर घास अडकतो. नातीने ते लाल पान हातात घेतलं. मग म्हणाली, बरं, ते पान मी पुन्हा लिहिते.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसली. एकेक ओळ वाचायची आणि विचारायची, हे कुणाचं?

सुरुवात वाचली. मी म्हटलं, माझं. ती म्हणाली, आजोबा, हे सगळीकडे सापडतंय. मी म्हटलं, मग सगळ्यांचं. तिने तसं लिहिलं. मग गावच्या वेशीपासून देवाला बोलावतात तो भाग आला. तो मी गावच्या देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून घेतलेला. लहानपणी त्यांच्या बाजूला बसून ऐकलं होतं, त्यांचा श्वास कुठे संपतो तेसुद्धा मला पाठ होतं. मी म्हटलं, त्यांचं काय लिहायचं, ते कधीच वारले. ती म्हणाली, मग तर लिहायलाच हवं, त्यांना येऊन सांगता येणार नाही. मला ते पटलं. मी त्यांचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, वाडीसुद्धा सांगितली. लिहून झाल्यावर बरं वाटलं. इतकी वर्षं त्यांचं नाव कुणी विचारलं नव्हतं.

मग नळाच्या पाण्याची ओळ आली, ती माझी. शेजारच्या मुलाच्या व्हिसाची, तीही माझी. मी खुर्चीत जरा रेलून बसलो. नात म्हणाली, परवानगी द्या, आणि मोबाइल पुढे केला. मी म्हटलं, कॉपीराइट म्हणजे कॉपी करायचा राइट ना, दिला तुला. ती म्हणाली, “तो तुमचा आहे म्हणून तर विचारतेय, आजोबा.” असं कुणी म्हटलं की माणसाची छाती फुगणारच. पुढची ओळ तिने वाचायच्या आधीच मी सांगून टाकलं, लिफ्टची ना, ती तर माझीच.

“कोणाची?”

बायको किचनच्या दारात उभी होती. हात नारळाने पांढरे.

मी म्हटलं, माजी. ती म्हणाली, “जिन्यार बसान मी बोललंय. तिसऱ्या माळ्यार. तुमी पिशयो घेवन वर गेलात आणि माका थयच सोडलात. ती शेजारीण पाणी घेवन भायर इली. तेवा मी तेका म्हटलंय, लिफ्ट बंद पडली तर पडूंदे गो, येणा-जाणा बंद पडला नाय म्हणजे झाला. तुमी वरसून आयकत होतात.”

आठवलं. लिफ्ट बंद होती आणि मी बाजाराच्या पिशव्या घेऊन पुढे गेलो होतो, कारण तिला गुडघ्यामुळे वेळ लागतो आणि दूध उकाड्यात नासलं असतं. वरून कठड्यावर वाकून बघत होतो. ती आमची चाळीतली शेजारीण, नव्या बिल्डिंगमध्ये आल्यापासून आमच्याकडे आली नव्हती. त्या दिवशी दोघी जिन्यात पायरीवर बसून अर्धी दुपार बोलत राहिल्या. ती ओळ तिथलीच. पण आठवलं म्हणून मी लगेच मान डोलावणारा माणूस नव्हे.

मी म्हटलं, तू बोललंस ती गजाल. आमच्याकडे गप्पांना गजाल म्हणतात. तू बोललंस ती गजाल, मी केलं ता गाऱ्हाणा. शब्द तुझे असतीत, पण ‘रे म्हाराजा’ माझो.

“‘रे म्हाराजा’ अख्ख्या कोकणाचो,” ती म्हणाली. “आत्ताच लिवलात तुमी. मगे तुमचा काय उरला?”

नात इतकी हसली की लॅपटॉप मांडीवरून घसरला. मलाही आतून हसू येत होतं, पण तेव्हा हसणं म्हणजे हरणं. मग नातीला सोमवार आठवला आणि ती गंभीर झाली. म्हणाली, कल्पना कुणालाही सुचू शकते, तिच्यावर कुणाचा हक्क नसतो. पण शब्द ज्याचे त्याचे असतात. इथे शब्दच आजीचे आहेत. तिने मोबाइल आजीपुढे धरला आणि परवानगी मागितली.

बायको म्हणाली, मी देवचंय नाय. का म्हणून विचारलं तर माझ्याकडे बोट करून म्हणाली, “तू नको इचारू. हेनी इचारूक व्हया. एवढी वर्सा इचारल्यानी नाय, आता इचारूंदेत.” आणि परत नारळ खवायला गेली.

मी विचारायचं? माझ्या घरात, माझ्या बायकोला, माझ्याच गाऱ्हाण्यातली ओळ? मी नातीला म्हटलं, काढून टाक ती ओळ. ती म्हणाली, काढता येणार नाही, शेवटचं सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. गाऱ्हाणं गावातून बिल्डिंगमध्ये कसं आलं ते त्या एका ओळीने समजतं, बाकीचं नुसतं सांगणं आहे. मी म्हटलं, मग मी तुला दुसरी ओळ देतो, याच्यापेक्षा झकास.

त्या दिवशी संध्याकाळचा चहा आला तो नातीला आल्याचा आणि मला बिनआल्याचा. मीही हट्टाने दोन कप प्यायलो.

रविवारी सकाळी बाकावर बसून ओळ करायला घेतली. गाऱ्हाण्यातली ओळ बसून करायची नसते, उभं राहून येते, हे मला माहीत होतं. तरी केली. ‘पार्किंगवरून भांडणा होऊक देऊ नको, रे म्हाराजा.’ मोठ्याने म्हणून बघितली. बाकावरून ‘होय म्हाराजा’ आलं, पण बसची वाट बघणारा माणूस जांभई देतो तसं. मग दुसरी केली, कचऱ्याची. ओला वेगळा, सुका वेगळा, रे म्हाराजा. बँकवाले म्हणाले, ही चांगली आहे, नोटीस बोर्डावर लावू. मी उठून वर आलो. लिफ्ट चालू होती, तरी जिन्याने आलो.

नात टेबलाशी बसली होती. पहिल्या पानाचं तिला काही सुचत नव्हतं. इंटरनेटवरचं काढून टाकल्यावर पान कोरं झालं होतं आणि कोरंच राहिलं होतं. मी विचारलं, किती झालं? ती लॅपटॉपकडे बघतच म्हणाली, “हे सगळ्यांचं, हे गावच्या आजोबांचं, हे तुमचं, हे आजीचं. ज्याचं त्याला दिल्यावर माझं काहीच उरत नाही, आजोबा.”

तिचं ते बोलणं मला लागलं. कालपासून मी माझ्या एका ओळीच्या मागे फिरत होतो आणि या मुलीचं अख्खं पान रिकामं होतं. ओळीचा तिढा सुटला नाही तर तिचं डोकं पानाकडे वळणार कसं? मी किचनच्या दारात गेलो. बायको भाजी निवडत होती. मला साध्या भाषेत मागता येत नाही, कधीच आलं नाही. गिरणीत सुट्टीसुद्धा मी मागत नसे, सांगत असे. मग मी फळीवरचा नारळ घेतला, तिच्यासमोर ओट्यावर ठेवला आणि हात जोडले.

“ह्या घरचे देवते,” मी म्हटलं, “आज तुझ्यासमोर गाऱ्हाणा घालतंय. जिन्यात बसान तू एक ओळ बोललंस. ती मी उचललंय, गणपतीपुढे म्हटलंय, आणि लोकांनी माका शाबास म्हटल्यानी. तुका इचारूचा रवला. ता आज इचारतंय. नातीच्या कामाक ती ओळ लागता, ती देऊचा कर, गो...”

इथे मी अडकलो. बाईमाणसापुढे ‘रे म्हाराजा’ कसं म्हणायचं? आमच्याकडे हे देवालाच म्हणायचं असतं.

“गो म्हाराणी,” मी म्हटलं.

मागून नातीने “होय म्हाराजा” केलं, मोबाइल हातात धरूनच. बायकोने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. मग डोळे पुसून म्हणाली, दिलंय. पण नाव माझा पयला.

मी वळून सांगणार होतो की एवढं काही चालणार नाही. पण नात म्हणाली, नावं बाराखडीच्या क्रमाने लिहायची असतात. आता चौथीपर्यंतची बाराखडी माझी पक्की आहे, आणि बायकोचं अक्षर माझ्या आधी येतं. दुपारी चहात आलं होतं.

संध्याकाळपर्यंत नातीने पान लिहिलं. लोकसाहित्याची इंटरनेटवरची दोन वाक्यं तिने ठेवली, पण अवतरणचिन्हांत, आणि खाली ती कुणाची ते लिहिलं. बाकीचं तिचं स्वतःचं. वाचून दाखवताना आवाज जरा चाचरत होता. तिने लिहिलं होतं की लहान असताना गणपतीत सगळ्यांबरोबर ती ‘होय म्हाराजा’ ओरडायची, तेव्हा तिला वाटायचं, आजोबा देवापुढे बिल्डिंगची हजेरी घेतात. कोण आजारी, कोण परदेशात, कुणाचं लग्न, सगळ्यांची नावं येतात आणि आपण सगळे हजर म्हणतो. मोठी झाल्यावर तिला कळलं की गाऱ्हाणं म्हणजे मागणं आहे, पण तिला अजूनही ती हजेरीच वाटते.

मी इतकी वर्षं गाऱ्हाणं घालतोय. मला हे कधी सुचलं नव्हतं. गावच्या त्या म्हाताऱ्यालाही सुचलं नसावं. बायको म्हणाली, ह्या कोणाचा? नात म्हणाली, माझं. आणि हे ती न अडखळता म्हणाली.

सोमवारी प्रोजेक्ट गेला. लाल अजून होतं, पण त्याखाली ज्याचं त्याचं नाव होतं, म्हणून मॅडमची हरकत नव्हती. नंतर तोंडी परीक्षेत त्यांनी तिला विचारलं, यात तुझं स्वतःचं काय? तिने पहिलं पान काढून दाखवलं. मॅडमनी ते तिथेच मोठ्याने वाचलं, बाहेरून आलेल्या परीक्षकांना ऐकवलं. एम.ए.ला प्रवेश मिळाला. बाकावर मी ही बातमी दिली, ओळीची हकीगतही सांगितली, तेव्हा बँकवाल्यांनी उठून हात मिळवला. म्हणाले, तुमच्याकडे एकाच ओळीला इतके भागीदार. मी म्हटलं, तुमच्या बँकेत हे समजणार नाही.

गणपती आले. यंदा मला नातीचं ते हजेरीचं वाक्य गाऱ्हाण्यात हवं होतं. आदल्या दिवशी मी तिच्या खोलीच्या दारावर टकटक केलं आणि विचारलं. सरळ विचारलं, नारळ न घेता. तिने जरा भाव खाल्ला, विचार करून सांगते म्हणाली, मग पाण्याच्या बाटलीतला घोट घेऊन म्हणाली, घ्या, पण कुणाचं ते सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सगळी बिल्डिंग खाली जमली होती. नारळ ठेवला, सुरुवात केली, गावच्या वेशीवरून देवाला बोलावलं. मधल्या भागात आलो तेव्हा म्हटलं, माझे नातीन लिवल्यान तसा, आज हय सगळ्यांची हजेरी घेतंय, जे हय असत तेंची, आणि जे कामधंद्याक भायर गेले असत तेंचीसुद्धा, रे म्हाराजा. नात लाजून आजीच्या मागे सरकली. कुणाची ते सांगायचं म्हणून ओळ बरीच लांबली होती, आणि या वयात मधेच श्वास तुटेल असं मला वाटत होतं. पण दम पुरला.